कॅरमच्या सोंगटीएवढा पोर्ट: कार्ल्सरुहपासून सांगलीपर्यंत

जानेवारी २०२४ मध्ये माझा जुना लॅपटॉप गेला. तसा पूर्ण बंद पडला नव्हता. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, बॅटरीही तीन तास टिकायची. फक्त चार्जरची पिन जिथे जाते तो पोर्ट ढिला झाला होता. आधी पिन थोडी वर उचलून धरली की चार्जिंग सुरू व्हायचं, मग पिनेखाली घडी घातलेला कागद ठेवायला लागला, आणि ९ जानेवारीला कागदही चालेना. चार्जिंगला तेवढा एकच पोर्ट होता.

मी जर्मनीत कार्ल्सरुहला राहते. काम पुलांच्या तपासणीचं. साइटवर जायचं, फोटो काढायचे, ड्रोनचं कार्ड लॅपटॉपला लावायचं, मोजणीचं यंत्र केबलने जोडायचं आणि संध्याकाळी कुठल्या तरी नगरपालिकेच्या मीटिंग रूममध्ये ते सगळं पडद्यावर दाखवायचं. दिवसातून दहा-पंधरा वेळा काही ना काही लॅपटॉपला लावलं-काढलं जातं.

दुरुस्तीच्या दुकानात नुसतं उघडून बघायचे ४९ युरो घेतले. चार दिवसांनी फोन आला. पोर्ट मदरबोर्डवरच, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवरच, सोल्डर केलेला आहे, आम्ही पोर्ट बदलत नाही, अख्खा बोर्ड बदलतो. ४३० युरो आणि तीन आठवडे. मी विचारलं, बाकी बोर्ड चांगला आहे ना? म्हणाले, हो, उत्तम आहे. त्या ‘उत्तम आहे’चं मला फार वाईट वाटलं. ज्या भागाची सगळ्यात जास्त झीज होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तोच भाग सगळ्यात महाग भागाला कायमचा चिकटवून ठेवायचा. पुलाच्या बाबतीत असं कुणी करणार नाही. पुलाचे बेअरिंग आणि एक्स्पान्शन जॉइंट झिजणार हे ठाऊक असतं, म्हणून ते बदलता येतील असेच बसवतात.

पोर्ट बदलता येणारे लॅपटॉप शोधताना फ्रेमवर्कचं नाव पुढे आलं. नाव ऐकून होते, पण हे हौशी लोकांचं काम, आपल्याला झेपायचं नाही, असं वाटायचं. आता वर्षभर वापरून झाल्यावर वाटतं, कुणीतरी तेव्हा नीट सांगितलं असतं तर इतकी घाबरले नसते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी वस्तू काय आहे ते. फ्रेमवर्क ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. आधी ऑक्युलस या व्हीआर हेडसेटच्या कंपनीत काम केलेल्या नीरव पटेल यांनी ती सुरू केली आणि पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला. मी घेतला तो १३ इंची. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार चौकोनी स्लॉट आहेत. प्रत्येक स्लॉटच्या आत, खोलवर, एक यूएसबी-सी पोर्ट असतो. त्या स्लॉटमध्ये आपल्याला हवं ते कार्ड सरकवायचं: यूएसबी-सी, जुनं चौकोनी यूएसबी-ए, पडदा जोडायला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट, छोट्या मेमरी कार्डासाठी मायक्रोएसडी, नेटवर्क केबलसाठी इथरनेट, हेडफोनसाठी ऑडिओ, शिवाय २५० जीबी आणि १ टीबीचं स्टोरेजही कार्डाच्या रूपात मिळतं. कार्ड ३० मिलिमीटर रुंद, ३२ लांब आणि ६.८ जाड. कॅरमची सोंगटी चौकोनी केली तर जवळपास तेवढीच होईल. एका टोकाला बारीक यूएसबी-सी पिन, दुसऱ्या टोकाला जगाला दिसणारा पोर्ट. म्हणजे बाजारात मिळणारा अडॅप्टरच, फक्त लोंबकळत न राहता लॅपटॉपच्या पोटात बसणारा.

यातली खरी गोम मला उशिरा कळली. रोजचे धक्के कार्डाला बसतात. आतला पोर्ट, जो बोर्डावर आहे, त्याला कार्ड बदलतानाच काय तो हात लागतो.

कुठली कार्डं घ्यायची हे ठरवण्याआधी मी एक आठवडा वही ठेवली. ऑफिसचा लॅपटॉप वापरत होते, त्याला जे जे लावलं ते लिहीत गेले. आठवड्याअखेर यादी बघितली तर अंदाज आणि वस्तुस्थिती यात बरंच अंतर होतं. मायक्रोएसडी रोज लागेल असं वाटलं होतं, तर ते आठवड्यातून दोनदाच. यूएसबी-ए लागणार नाही असं वाटलं होतं, तर पेनड्राइव्ह, माउसचा रिसीव्हर आणि मोजणीच्या यंत्राची केबल, सगळं यूएसबी-ए. एचडीएमआय चार वेळा. इथरनेट एकदाच, पण त्या एका वेळी दुसरा मार्ग नव्हता, कारण साइटवरच्या त्या कंट्रोल पेटीला वायफाय नाही. घेण्याआधी ही वही जरूर ठेवा. मला सगळ्यात जास्त उपयोग तिचा झाला.

ऑर्डर १२ फेब्रुवारीला केली. एएमडी रायझन ५ चा ७६४०यू प्रोसेसर, डीआयवाय आवृत्ती, म्हणजे रॅम (मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) आपण बसवायची आणि विंडोजही आपणच टाकायचं. कार्डं घेतली ती अशी: यूएसबी-सी दोन, यूएसबी-ए दोन, एचडीएमआय एक, इथरनेट एक, मायक्रोएसडी एक. सात कार्डांचे मिळून १३० युरोंच्या आसपास झाले आणि लॅपटॉपचं मूळ बिल हजार युरोंच्या जवळ. ३२ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी गावातल्या दुकानातून घेतली, ती १७५ युरोंना पडली. एकाच वेळी बघितलं तर आकडा मोठा आहे. महिनाअखेर हात आखडता घ्यावा लागला.

लॅपटॉप तैवानहून निघतो. १५ तारखेला निघाल्याचा मेल आला आणि २१ ला दारात. जर्मनीचा १९ टक्के व्हॅट किमतीत धरलेला होता, त्यामुळे कस्टमच्या ऑफिसात खेटे घालावे लागले नाहीत. मात्र कुरियरवाल्याला सही हवी होती आणि मी दोन्ही दिवस साइटवर. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींच्या नावाने लेखी परवानगी दारावर चिकटवली तेव्हा पार्सल मिळालं. महागडं पार्सल असेल तर आधीच अशी सोय करून ठेवा.

शनिवारी, २४ तारखेला, जेवणानंतर टेबल रिकामं केलं, पांढरी चादर अंथरली आणि बसले. पेटीत छोटा स्क्रू ड्रायव्हर असतो. एका बाजूला टॉर्क्स टी-५, दुसऱ्या बाजूला प्लस, आणि बूड चपटं, झाकण उचकटायला. खालचे पाच स्क्रू ढिले करायचे. ते पूर्ण बाहेर येत नाहीत, तिथेच अडकून राहतात. हे माहीत नसल्यामुळे पहिला स्क्रू मी बराच वेळ फिरवत बसले. मग लॅपटॉप सरळ करून कीबोर्डसकट वरचं झाकण उचलायचं. हळू उचला, खाली पट्टीसारखी एक केबल जोडलेली असते.

आत बघितलं आणि भीती निम्मी उतरली. प्रत्येक भागावर नाव छापलेलं आणि शेजारी क्यूआर कोड. फोन धरला की त्याच भागाची माहिती उघडते. रॅमच्या पट्ट्या तिरक्या घालून खाली दाबायच्या, दोन्ही बाजूंना ‘टक’ वाजलं की बसल्या. मला वाटलं त्याहून जास्त जोर लावावा लागला. एसएसडीला एकच स्क्रू. स्क्रीनभोवतीची चौकट वेगळी येते आणि ती लोहचुंबकाने चिकटते. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली, त्यातली वीस मी फोटो बघून खात्री करण्यात घालवली.

झाकण लावलं, चार्जर लावला, बटण दाबलं. काही नाही. स्क्रीन काळी.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पोटात गोळा आला. रॅम उलटी बसली का, केबल तुटली का, हजार युरो गेले का, सगळं डोक्यात येऊन गेलं. हात पुन्हा बटणाकडे गेला, पण सूचनांमध्ये वाचलेली एक ओळ आठवली: नवी डीडीआर-५ रॅम बसवल्यावर पहिल्या वेळी लॅपटॉप तिची चाचपणी करतो, त्याला काही मिनिटं लागतात, तोवर स्क्रीन काळीच राहते, मध्येच बंद करू नका. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. चहा गाळत असताना मागून खोलीत उजेड पडला. मधे किती मिनिटं गेली ती मोजली नाहीत, पण आधण येऊन चहा उकळेपर्यंत वेळ लागला. तुम्ही बसवणार असाल तर बटण दाबा आणि खोलीतून बाहेर जा.

विंडोज पेनड्राइव्हवरून टाकलं. इथे दोन गोष्टी. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीचा असेल तर यूएसबी-ए कार्ड हाताशी हवंच. आणि नव्या वायफाय चिपचे ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये असतातच असं नाही, म्हणून कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हरचा संच आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. मी ठेवला होता, म्हणून काम अडलं नाही.

कार्डं बसवताना पहिल्या वेळी ती घट्ट वाटतात. सरकवायची आणि शेवटी अंगठ्याने ठाम दाबायची. काढायची असतील तर खालच्या बाजूचं छोटं बटण दाबून बाहेर ओढायची. पहिल्या आठवड्यात नखांनी ओढून ओढून बोटं दुखली, मग कार्डंही सैल झाली आणि हातालाही सवय झाली. इथरनेटचं कार्ड मात्र कडेच्या बाहेर डोकावतं, कारण नेटवर्कच्या केबलचं तोंडच लॅपटॉपच्या कडेपेक्षा जाड आहे. ते लावून लॅपटॉप पिशवीत घालू नका.

आता कुठलं कार्ड कुठे, याबद्दल. मला वाटलं होतं चारही स्लॉट सारखेच. माझ्या एएमडी बोर्डावर तसं नाही. मागचे दोन, म्हणजे स्क्रीनच्या बिजागरीकडचे, यूएसबी-४ चे, म्हणजे जास्त वेगाचे आहेत. पुढचे दोन यूएसबी ३.२ चे, आणि त्यातल्या एकातून स्क्रीनचं चित्र बाहेर जातच नाही. चार्जिंग चारहीकडून होतं. मी पहिल्या दिवशी यूएसबी-ए ची दोन्ही कार्डं मागे लावली, कारण माउसच्या रिसीव्हरला हात लागू नये असं वाटलं. बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरायला लागली. कंपनीची माहिती नीट वाचली तेव्हा कळलं, या बोर्डावर यूएसबी-ए कार्ड मागच्या स्लॉटमध्ये असेल तर जास्त वीज खातं, ते पुढे लावावं असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. ती चूक माझीच, वाचायला हवं होतं. तेव्हापासून मागे डावीकडे यूएसबी-सी, मागे उजवीकडे एचडीएमआय आणि पुढे दोन्हीकडे यूएसबी-ए. साइटवर जायचं असेल त्या दिवशी पुढचं एक काढून मायक्रोएसडी. इंटेलच्या बोर्डांची मांडणी वेगळी असते, म्हणून आपल्या बोर्डाचा तक्ता बघूनच ठरवा.

उरलेली कार्डं मी आईने दिलेल्या स्टीलच्या छोट्या डबीत ठेवते. पूर्वी तिच्यात वेलदोडे असायचे, अजून वास येतो. डबी असूनही मार्चमध्ये एकदा मायक्रोएसडीचं कार्ड हरवलं. दोन दिवस शोधलं आणि ते जॅकेटच्या खिशात सापडलं. तेव्हापासून कार्ड काढलं की ते डबीतच जातं.

एप्रिल ते नोव्हेंबर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी सात आठवड्यांसाठी सांगलीला आले, त्यातले पाच आठवडे घरून काम. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप जकात न भरता आणता येतो. तरी बिलाची पीडीएफ फोनमध्ये ठेवली होती. मुंबईला कुणी विचारलं नाही. सुरक्षा तपासणीत मात्र डबी उघडायला लावली. मी एक कार्ड लॅपटॉपमध्ये सरकवून दाखवलं, तपासणाऱ्या बाईंनी ते स्वतःच्या हाताने पुन्हा काढून बघितलं आणि जा म्हणाल्या.

३ जानेवारीला माझ्या जुन्या कॉलेजात बोलायला बोलावलं होतं. विषय जुन्या पुलांची तपासणी. सांगलीकरांना या विषयावर वेगळं काही सांगायला नको, १९२९ चा आयर्विन पूल आणि त्याच्याशी मोजली जाणारी कृष्णेची पातळी पावसाळ्यात घराघरात बोलली जाते. प्रोजेक्टर व्हीजीएचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या केबलचा असणार हे सरांनी आधीच कळवलं होतं. फ्रेमवर्कचं व्हीजीए कार्ड नाही, म्हणून मी एचडीएमआयवरून व्हीजीएला जाणारा छोटा अडॅप्टर नेला होता. लावला तर प्रोजेक्टरवर ‘सिग्नल नाही’. समोर साठ मुलं. कार्ड काढून परत लावलं, केबल हलवली, काही होईना.

कारण नंतर समजलं आणि ते उपयोगाचं आहे. व्हीजीएच्या केबलमध्ये चित्राच्या तारांशिवाय आणखी काही तारा असतात. त्यांच्यातून प्रोजेक्टर लॅपटॉपला सांगतो की मला एवढ्या रिझोल्युशनचं चित्र चालेल. भिंतीतून ओढलेल्या लांब, स्वस्त केबलमध्ये या तारा कधी नसतात, कधी तुटलेल्या असतात. मग लॅपटॉप अंदाजाने चित्र पाठवतो आणि जुन्या प्रोजेक्टरला ते झेपत नाही. तिथल्या प्रयोगशाळेतले एक मामा मागून पुढे आले आणि म्हणाले, “ताई, एक हजार चोवीसवर टाका की.” डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०२४ बाय ७६८ केलं, दोन्हीकडे तेच चित्र दिसेल असं ठेवलं, आणि भिंतीवर पूल उमटला. मामा वर्षानुवर्षं हेच करत आले असणार. व्हीजीएशी गाठ पडणार असेल तर १०२४ बाय ७६८ एवढं लक्षात ठेवा. आणि जमलं तर कार्डाला अडॅप्टर, अडॅप्टरला केबल अशी साखळी न करता यूएसबी-सी वरून थेट व्हीजीएला जाणारा अडॅप्टर ठेवा. जितके सांधे कमी, तितकं बिनसायला कमी.

मग ७ जानेवारी. घरी दादाच्या टीव्हीला लॅपटॉप लावून काम करत होते. एचडीएमआयची केबल टेबलावरून टीव्हीपर्यंत अधांतरी ताणलेली. भाचा पतंग घेऊन धावत आला आणि पाय अडकला. लॅपटॉप टेबलाच्या कडेवर येऊन थांबला, भाचा रडायला लागला, आणि केबलच्या टोकाला एचडीएमआयचं धातूचं तोंड तसंच अडकून बाहेर आलं.

वर्षापूर्वीचं दुकान आठवलं. ४३० युरो, तीन आठवडे. हात थरथरत होते हे खरं. भाच्याला आधी जवळ घेतलं, लागलं नव्हतं. मग लॅपटॉप उलटा केला, बटण दाबलं आणि कार्ड ओढलं. सहज निघालं. मोबाइलच्या टॉर्चने स्लॉटच्या आत बघितलं. आतला यूएसबी-सी पोर्ट सरळ, मधली जीभ मधोमध, काही वाकलेलं नाही. डबीतलं दुसरं यूएसबी-सी कार्ड तिथे घातलं आणि चार्जर त्याच बाजूने लावला. दिवा लागला. दादा म्हणाला, “एवढंच?” मी म्हटलं, “एवढंच.” आणि मग मला रडू आलं.

पडद्याची सोय दुसऱ्या दिवशी झाली. दादा कामाला पुण्याला जाणार होता, त्याला तपकीर गल्लीतून यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर आणायला सांगितलं, साडेआठशे रुपयांना मिळाला. त्याला फोनवर बजावलं होतं की नुसत्या चार्जिंगची केबल घेऊन येऊ नकोस, यूएसबी-सी चं तोंड सगळ्यांचं सारखं दिसतं पण प्रत्येक केबलमधून चित्र जात नाही, दुकानात लावून बघ. त्याने तीन बघितले, त्यातला तिसरा चालला.

नवं कार्ड मागवायचा प्रयत्नही केला, आणि तो अनुभव भारतातल्या वाचकांसाठी महत्त्वाचा. कंपनी तेव्हा भारतात माल पाठवत नव्हती. कार्ल्सरुहच्या मैत्रिणीने तिच्या पत्त्यावर कार्ड मागवून कुरियर करायची तयारी दाखवली. चौकशी केली तेव्हा हे समजलं: घेणाऱ्याचं केवायसी लागतं, म्हणजे आधार किंवा पॅन कुरियरच्या पोर्टलवर चढवायचं, बिल जोडायचं, वस्तू काय आहे ते नेमकं लिहायचं. ‘भेट’ असं लिहून सुटका होत नाही, डिसेंबर २०१९ पासून परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची जकातमाफी राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद आहे. आणि जकात नुसत्या वस्तूवर नाही, पाठवणीचा खर्च धरून लागते. वीस-बावीस युरोचं कार्ड आणि त्याच्या दुपटीहून जास्त कुरियर, वर त्या सगळ्यावर जकात. मी हिशेब कागदावर मांडला आणि नाद सोडला. आपल्याकडे जो जुना मार्ग आहे तोच उपयोगी पडला. तिथल्या मराठी मंडळातल्या एक काकू १८ तारखेला मिरजेला येणार होत्या. मैत्रिणीने कार्ड त्यांच्याकडे दिलं. मी मिरजेला जाऊन ते घेतलं आणि परत जाताना त्यांच्यासाठी हळद आणि बेदाणे न्यायचं कबूल केलं.

तुम्ही भारतात राहत असाल आणि असा लॅपटॉप कुणाकडून आणवणार असाल तर माझं स्पष्ट मत: यूएसबी-सी ची दोन कार्डं जास्तीची आणवा. ती सगळ्यात स्वस्त असतात, आणि दुसरं कुठलंही कार्ड तुटलं तरी त्यांच्यावर बाजारातला कुठलाही अडॅप्टर लावून काम पुढे जातं. १ टीबीच्या स्टोरेज कार्डाचा मोह मात्र नीट विचार करून धरा. एक स्लॉट कायमचा अडतो, मोठ्या फाइली टाकताना ते गरम होतं, आणि तेवढ्या पैशात आतली एसएसडी मोठी घेता येते. दोन वेगळ्या सिस्टिम ठेवायच्या असतील तर गोष्ट निराळी, त्या कार्डावरून लॅपटॉप सुरू होऊ शकतो.

तुटलेलं कार्ड मी टाकायला निघाले होते. दादाने ते खिशात घातलं. कॉलेज कॉर्नरजवळ त्याच्या ओळखीचे एक टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत. २१ जानेवारीला आम्ही दोघं गेलो. काकांनी भिंग डोळ्याला लावलं, पातळ पातं घालून कार्डाचं कवच दोन फाकांसारखं उघडलं आणि हिरवी पट्टी बोटावर धरली. नखाएवढी चिप, शेजारी चार फाटके पाय असलेली रिकामी जागा.

“हे लॅपटॉपच्या आतलं आहे?”

“हो काका. बाहेर निघतं.”

“असंच निघतं?”

मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी स्वतः बटण दाबून एक कार्ड काढलं, घातलं, परत काढलं. मग विचारलं, याचं माप कुठे मिळेल, कवच जरा चिरलंय. फ्रेमवर्कने कार्डांची मापं आणि कवचाचे आराखडे गिटहब या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत, कुणीही तसं कार्ड बनवू शकतं. मी ते फोनवर उघडून दिलं. काकांनी आकडे वहीत उतरवून घेतले, आडवे, उभे, जाडी, सगळे, आणि म्हणाले, कवचाला डिंक पुरेल, पण हे असू दे माझ्याकडे.

एचडीएमआयचं नवं तोंड त्यांच्याकडच्या एका जुन्या सेटटॉप बॉक्सवरून निघालं. पायांखालचं तांबं तीन ठिकाणी शाबूत होतं, चौथ्या ठिकाणी केसाएवढी तार ओढून जोड दिला. बारीक टोकाचा सोल्डरिंग गन, डिंकाचा वास, आणि तोंडातल्या तोंडात पिनांची मोजणी. पाऊण तास लागला. दुकानातल्या टीव्हीला लावलं तर पहिल्यांदा काहीच नाही. काकांनी भिंगाखाली परत बघितलं, दोन पिनांच्या मधे अडकलेला कथलाचा कण सुईने काढला, आणि माझ्या लॅपटॉपवरची आयर्विन पुलाची कमान त्यांच्या टीव्हीवर आली. दीडशे रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर हात मागे घेतला.

आता माझ्याकडे एचडीएमआयची दोन कार्डं झाली. काकूंनी आणलेलं नवं माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. जोडलेलं दादाला ठेवून आले. त्याचा ऑफिसचा लॅपटॉप दुसऱ्याच कंपनीचा, पण त्याच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातं, त्यामुळे हे कार्ड तिथेही चालतं, फक्त आत न बसता बाजूला बाहेर राहतं. दादाने त्याच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, आणि टीव्हीची केबल आता भिंतीच्या कडेने खिळे मारून नेली आहे.